राखी धनेश आणि उदमांजर

राखी धनेश हा उष्णकटिबंधीय पानझडी वनांत राहणारा पक्षी आणि उदमांजर हा मांसभक्षी गणातील लहान सस्तन प्राणी. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात हे दोन्ही जीव आढळतात. एक दिवसा उडणारा, दुसरा रात्री झाडांवरून फिरणारा. एक अंडी घालणारा, दुसरा पिलांना दूध पाजणारा. वर्गीकरणाच्या दृष्टीने त्यांच्यात जवळचे नाते नाही. तरीही दोघांचा आहार मोठ्या प्रमाणात फळांवर अवलंबून असतो, दोघेही गिळलेल्या फळांच्या बिया दूरवर टाकतात आणि दोघांनाही जुन्या झाडांच्या ढोलींची गरज असते. त्यामुळे कोरड्या पानझडी वनातील बीजप्रसार आणि जुन्या वृक्षांचे महत्त्व समजून घेण्यासाठी या दोघांची तुलना उपयुक्त ठरते.

नावे आणि वर्गीकरण

राखी धनेशाचे शास्त्रीय नाव ऑसिसेरोस बायरोस्ट्रिस असे आहे. स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने १७८६ मध्ये त्याचे वर्णन केले. तो धनेश कुलात मोडतो. चोचीवरील शिंगासारख्या उंचवट्यामुळे त्याला 'शिंगचोचा' असेही म्हणतात. याच कुलातील महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे आकाराने बरेच मोठे पक्षी महाराष्ट्रात आढळतात. मात्र ते दाट व आर्द्र वनांना अधिक पसंती देतात. राखी धनेश कोरड्या हवामानात, विरळ झाडीत, गावांजवळच्या आमराईत आणि शहरातील जुन्या झाडांवरही राहू शकतो.

उदमांजराचे शास्त्रीय नाव पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडायटस असे असून पालास याने १७७७ मध्ये त्याचे वर्णन केले. नर व मादी दोघांच्याही शेपटीखाली गंधग्रंथी असतात. त्यांच्या आकारामुळे दोन्ही लिंगे एकाच प्राण्यात असल्याचा समज झाला आणि नावातील दुसरा शब्द त्यावरून आला. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांत त्याला कांडेचोर, मसण्या उद अशी नावे आहेत. यांपैकी 'मसण्या उद' हे नाव स्मशानाशी जोडलेल्या लोकसमजुतीतून आले आहे. 'उद' हा शब्द पाणमांजरासाठीही वापरला जात असल्याने नावांचा घोळ होतो. पाणमांजर वेगळ्या कुलातील जलचर प्राणी आहे.

नावात 'मांजर' असले तरी उदमांजर हे मांजर नव्हे. मांसभक्षी गणाच्या मांजरसदृश उपगणात मार्जार कुल, मुंगूस कुल, तरस कुल आणि उदमांजरांचे व्हिव्हेरिडी कुल यांचा समावेश होतो. म्हणजे मांजर आणि उदमांजर यांचे नाते दूरच्या भावंडांसारखे आहे. तसेच 'मांसभक्षी' हे गणाचे नाव आहे, प्रत्येक सदस्याच्या आहाराचे वर्णन नव्हे. या गणातील अस्वल जसे मध, मोह व फळे खाते, तसेच उदमांजरही मुख्यतः फळांवर जगते.

वर्धा जिल्ह्यातील अधिवास

वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे), हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. जिल्ह्याचा बराचसा भाग कापूस, सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या काळ्या मातीच्या शेतीने व्यापलेला आहे. वनक्षेत्र प्रामुख्याने उत्तरेकडील टेकड्यांत एकवटलेले असून समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या परिसरातही जंगल आहे.

जिल्ह्यातील सर्वांत महत्त्वाचे संरक्षित क्षेत्र म्हणजे बोर व्याघ्र प्रकल्प. बोर नदीवरील धरणाभोवतीच्या या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. येथील वन उष्णकटिबंधीय कोरड्या पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, तेंदू, मोह आणि बांबू ही येथील ओळखीची झाडे. फेब्रुवारीपासून पाने गळू लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत जंगल जवळजवळ उघडे पडते. मे महिन्यात जिल्ह्यातील तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. फळे खाणाऱ्या प्राण्यांसाठी हा कसोटीचा काळ असतो.

राखी धनेश आणि उदमांजर मात्र केवळ संरक्षित जंगलापुरते मर्यादित नाहीत. गावठाण, नदीनाल्यांच्या काठची झाडी, संत्र्याच्या बागा, शेताच्या धुऱ्यावरील मोठी झाडे आणि जुन्या रस्त्यांच्या कडेचे वड-पिंपळ यांचाही ते उपयोग करतात. उदमांजर जुन्या घरांच्या माळ्यावर, कवेलूंच्या छपराखाली आणि गोदामातही आसरा घेते.

शरीररचना

राखी धनेशाची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर असून त्यात लांब शेपटीचा वाटा मोठा असतो. वजन साधारण ३७५ ग्रॅम भरते. रंग राखाडी, पोट फिकट आणि शेपटीच्या टोकाशी पांढरा भाग असतो. नराच्या चोचीवरील शिरस्त्राण मादीपेक्षा मोठे असते. वजनदार चोच पेलण्यासाठी धनेश कुलातील पक्ष्यांच्या मानेतील पहिले दोन मणके एकमेकांशी जोडलेले असतात. डोळ्यांवर पापण्यांचे केस दिसतात. ती पिसांचीच बदललेली रूपे आहेत. जीभ आखूड असल्याने फळ चोचीच्या टोकाने तोडायचे, वर उडवायचे आणि घशात झेलायचे, अशी त्याची खाण्याची रीत आहे.

उदमांजराचे वजन साधारण २ ते ५ किलोग्रॅम असते. धड सुमारे अर्धा मीटर आणि शेपटी जवळजवळ तितकीच लांब असते. अंगावर खरखरीत राखाडी-काळे केस, पाठीवर गडद रेषा आणि चेहऱ्यावर मुखवट्यासारखा काळा भाग व त्याभोवती फिकट ठिपके असतात. शेपटीवर कडी नसतात. याच जिल्ह्यात आढळू शकणाऱ्या जवादी मांजराच्या शेपटीवर मात्र स्पष्ट कडी असतात आणि ते बहुधा जमिनीवर वावरते. या खुणेवरून दोघांतील फरक सहज ओळखता येतो. उदमांजराच्या तोंडात ४० दात असतात. मांस कापणाऱ्या दाढा मांजराच्या तुलनेत कमी धारदार असून मऊ फळे चिरडण्यास त्या सोयीच्या आहेत. अर्धवट आत ओढता येणाऱ्या नख्यांमुळे ते उभ्या खोडावर सहज चढते.

दिनक्रम आणि संवेदना

राखी धनेश दिनचर आहे. तो जोडीने किंवा लहान थव्याने फिरतो. पंख मारत व तरंगत जाणारी त्याची वरखाली होणारी झेप आणि तीक्ष्ण किंचाळीसारखा आवाज यांवरून तो दुरून ओळखता येतो. पिकलेल्या फळांचा शोध तो मुख्यतः नजरेने घेतो. उघडी शेते ओलांडून एका झाडीतून दुसऱ्या झाडीत जाणे त्याला कठीण नसते.

उदमांजर निशाचर व एकलकोंडे आहे. अंधार पडल्यावर ते बाहेर पडते आणि पहाट होण्यापूर्वी आसऱ्याला परतते. फळ पिकल्याची वार्ता त्याला वासाने लागते. आपल्या क्षेत्राची खूणही ते गंधग्रंथींच्या स्रावाने करते. जमिनीवरून ते चालू शकत असले तरी कुंपण, नाल्याकाठची झाडी आणि एकमेकांत गुंतलेल्या फांद्या यांच्या आधाराने फिरणे त्याला सुरक्षित वाटते.

दोघांच्या वेळा वेगळ्या असल्यामुळे एकाच उंबरावर दिवसा धनेश आणि रात्री उदमांजर येऊ शकते. त्यांच्यात समोरासमोर स्पर्धा होण्याचे प्रसंग त्यामुळे कमी येतात.

आहार

दोन्ही प्राणी सर्वाहारी असून फळांना त्यांच्या आहारात मुख्य स्थान आहे. वड, पिंपळ, उंबर यांसारख्या फायकस वंशातील झाडांचे महत्त्व दोघांनाही विशेष आहे. या वंशातील सर्व झाडे एकाच वेळी फळत नाहीत. एक झाड रिकामे झाले तरी दुसरे कुठेतरी पिकलेले असते. इतर झाडे निष्पर्ण असताना ही फळे अनेक पक्षी, वटवाघळे, वानरे आणि उदमांजरे यांना तगवून धरतात.

राखी धनेश फळांबरोबरच किडे, सरडे, गोगलगायी आणि कधीकधी इतर पक्ष्यांची पिलेही खातो. पिवळ्या कण्हेरीचे, माणसाला विषारी असलेले फळही तो खातो. पाण्याची बहुतेक गरज तो फळांतून भागवतो. त्याच्या आहाराला एक मर्यादा असते: जे फळ घशातून जाऊ शकत नाही ते त्याला अख्खे गिळता येत नाही.

उदमांजर बोरे, जांभळे, तेंदूची फळे, शिंदीची फळे, आंबे, केळी आणि मोहाची रसदार फुले खाते. ताड-शिंदीच्या झाडांना रसासाठी लावलेल्या मडक्यांतील रस पिण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे. उंदीर, किडे, लहान पक्षी व अंडीही ते खाते. उंदीर खाल्ल्याने शेतकऱ्याचा फायदा होतो, तर खुराड्यातील कोंबडी पळवल्यास नुकसान. फळ मोठे असल्यास ते चावून खाऊ शकते. त्यामुळे धनेशाला न पेलणारी काही फळेही त्याला उपलब्ध होतात.

बीजप्रसारातील भूमिका

झाडाखालीच पडलेल्या बियांना सहसा चांगले भवितव्य नसते. तेथे कीटक, उंदीर व बुरशी यांचा उपद्रव एकवटलेला असतो आणि मातृवृक्षाची सावलीही पडते. बी दूर गेल्यास तिला जगण्याची अधिक संधी मिळते. फळातील गर हा झाडाने या वाहतुकीसाठी दिलेला मोबदला आहे, असे म्हणता येईल.

धनेश मोठ्या बिया काही वेळाने तोंडावाटे बाहेर टाकतो, तर वड-उंबरासारख्या फळांतील बारीक बिया विष्ठेतून पडतात. पक्षी बहुधा उंच फांदीवर बसत असल्याने बिया झाडांच्या बेचक्यात किंवा त्यांच्याखाली पडतात. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात किंवा पडक्या भिंतीत उगवलेला पिंपळ हे अशाच पक्ष्यांच्या कामाचे नेहमीचे दृश्य आहे. विणीच्या काळात नर एकाच घरट्याकडे वारंवार फळे नेतो. त्यामुळे घरट्याखाली बियांचा ढीग साचतो आणि पावसाळ्यात तेथे रोपांची दाटी होते. ती सर्व जगत नाहीत. पण हंगामाबाहेरच्या काळात पक्षी मोकळेपणाने फिरू लागला की बिया अधिक विखुरल्या जातात.

उदमांजराची पचनसंस्था मांसभक्षी प्राण्याची, म्हणजे साधी व तुलनेने आखूड आहे. वनस्पतींचे कठीण भाग त्यात फारसे पचत नाहीत. त्यामुळे बिया काही तासांत जवळजवळ अखंड स्थितीत विष्ठेतून बाहेर पडतात. ही विष्ठा ते पडलेल्या ओंडक्यावर, खडकावर किंवा पायवाटेवर टाकते. खडकावरील बी वाया जाऊ शकते. मात्र मोकळ्या जागेत पडलेल्या बीला प्रकाश मिळतो. कॉफीच्या प्रदेशांत उदमांजराच्या विष्ठेतून मिळणाऱ्या अखंड बिया भाजून महागडी कॉफी तयार केली जाते, ती याच वैशिष्ट्यामुळे. या व्यवसायासाठी काही देशांत उदमांजरे पिंजऱ्यात डांबली जातात आणि त्यावर प्राणीप्रेमींकडून टीका होते.

म्हणजेच दोघांचे काम परस्परपूरक आहे. धनेश उघडा प्रदेश ओलांडून बी नेतो, उदमांजर झाडीच्या आश्रयाने नेते. धनेश ती बहुधा फांद्यांच्या पातळीवरून सोडतो, उदमांजर जमिनीवर ठेवते. एकाचे काम दुसऱ्याने पूर्णपणे भरून काढणे शक्य नाही.

प्रजनन

राखी धनेशाचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात, साधारण एप्रिल ते जून या काळात असतो. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने व नराने आणून दिलेल्या मातीच्या गोळ्यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. केवळ एक उभी फट शिल्लक राहते. आत ती १ ते ५ अंडी घालते. ती सुमारे तीन आठवड्यांत उबतात. या बंदिवासात तिची उडण्याची पिसे गळतात व नवी येतात. संपूर्ण काळ नर फटीतून अन्न पुरवतो. घशात साठवलेली फळे तो एकेक करून वर काढतो आणि तिच्या चोचीत देतो. पिले थोडी मोठी झाल्यावर मादी लिंपण फोडून बाहेर येते, पिले फट पुन्हा बुजवून घेतात आणि त्यानंतर दोघे मिळून त्यांना भरवतात. नराचा या काळात मृत्यू झाल्यास आत अडकलेल्या कुटुंबाचे जगणे धोक्यात येते.

उदमांजराच्या मादीला सुमारे दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर साधारण २ ते ५ पिले होतात. झाडाची ढोली, खडकातील कपार किंवा घराचा माळा यांपैकी सुरक्षित जागी ती त्यांना वाढवते. पिलांचे पोषण मादीच्या दुधावर होते आणि संगोपनाचा मुख्य भार तीच उचलते. धोका वाटल्यास जागा बदलण्याची मोकळीक तिला असते. ढोलीत बंद झालेल्या धनेशाच्या मादीला ती नसते.

तुलनात्मक तक्ता

| बाब | राखी धनेश | उदमांजर |
|---|---|---|
| वर्ग | पक्षी | सस्तन |
| वजन | सुमारे ३७५ ग्रॅम | २ ते ५ किलोग्रॅम |
| वावर | दिवसा, जोडीने वा थव्याने | रात्री, एकट्याने |
| फळाचा शोध | मुख्यतः नजरेने | मुख्यतः वासाने |
| बिया टाकण्याची रीत | ओकून व विष्ठेतून | विष्ठेतून |
| ढोलीचा उपयोग | विणीसाठी अत्यावश्यक | विश्रांती व पिलांसाठी. पर्याय उपलब्ध |
| संगोपन | नर व मादी | मुख्यतः मादी |

धोके

जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत दोन्ही जाती 'अल्पतम चिंता' या गटात आहेत. याचा अर्थ त्यांना स्थानिक पातळीवर धोका नाही असा होत नाही. राखी धनेश स्वतः ढोली कोरत नाही. फांदी मोडून कुजल्याने तयार झालेल्या किंवा सुतार पक्ष्यांनी सुरू केलेल्या पोकळीवर तो अवलंबून असतो. त्याच्या आकाराला पुरेल एवढी ढोली तयार होण्यास झाडाला अनेक दशके लागतात. पोखरलेले झाड मात्र लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी किंवा रस्त्यालगत असल्यास धोकादायक मानून प्रथम तोडले जाते. तोडलेल्या झाडाऐवजी रोपे लावली तरी ढोलीची भरपाई पुढची पिढीच पाहू शकते.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न रस्त्यांच्या संदर्भात पुढे आला आहे. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडण्यास नागरिकांनी विरोध केला होता. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. उडणारा धनेश रुंद रस्ता ओलांडू शकतो. रात्री जमिनीवरून ओलांडणाऱ्या उदमांजराला वाहनाची धडक बसण्याची भीती असते. रस्त्यावरील दोन्ही बाजूंच्या फांद्यांची कमान तुटली की त्याला जमिनीवर उतरण्यावाचून पर्याय राहत नाही.

याशिवाय धनेशाचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असल्याच्या समजुतीतून त्याची शिकार होते. या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही. उदमांजराला कोंबड्या खाणारा, छपरावर आवाज करणारा किंवा अशुभ प्राणी मानून मारले जाते. विहिरीत पडणे, कुत्र्यांचा हल्ला आणि विजेचा धक्का हेही त्याच्या मृत्यूचे प्रकार आहेत.

संवर्धन

दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांची शिकार करणे, त्यांना पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला वाघासाठी मिळालेल्या संरक्षणाचा लाभ तेथील धनेश आणि उदमांजरांनाही होतो. वर्ध्याजवळील पिपरी (मेघे) येथील करुणाश्रमात जखमी वन्यप्राण्यांवर उपचार केले जातात.

मात्र जिल्ह्यातील बरीच जुनी झाडे संरक्षित क्षेत्राबाहेर, म्हणजे शेताच्या धुऱ्यावर, गावठाणात आणि रस्त्याच्या कडेला आहेत. तेथे अधिनियम प्राण्याचे संरक्षण करतो, पण झाडाच्या ढोलीचे भवितव्य जमीनमालक, ग्रामपंचायत आणि रस्ता बांधणारी यंत्रणा यांच्या निर्णयावर ठरते. ढोली असलेली झाडे शक्य तेथे राखणे, एप्रिल ते जून या विणीच्या काळात अशी झाडे न तोडणे, तोडणीपूर्वी ढोलीत पक्षी वा प्राणी आहे का याची पाहणी करणे आणि वृक्षारोपणात वड, पिंपळ, उंबर यांचा समावेश करणे हे उपाय दोन्ही जातींना उपयोगी पडतात. उदमांजराचा उपद्रव टाळण्यासाठी खुराडे रात्री घट्ट बंद करणे आणि माळ्याची वाट प्राणी बाहेर गेल्यावर जाळीने बुजवणे पुरेसे ठरते. ती बुजवण्यापूर्वी आत पिले नाहीत याची खात्री करणे आवश्यक असते.

हेही पाहा

बोर व्याघ्र प्रकल्प
महाधनेश
जवादी मांजर
बीजप्रसार
वर्धा जिल्हा